जुन्या गाडीचे ब्रेक कॅलिपर: बिडाचेच ठेवावेत की ॲल्युमिनियमचे बसवावेत?

जुनी_चाकं (धागाकर्ता)
मंडळी, गाडी ट्रायम्फ टीआर६, १९७१ चं मॉडेल. इंजिन आणि गिअरबॉक्स मार्गी लागले, आता पुढचे ब्रेक काढलेत. मूळचे गर्लिंग कंपनीचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे), दोन पिस्टनवाले कॅलिपर आहेत, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे चिमटे. डावीकडचा एक पिस्टन जाम आहे, उजवीकडच्या दोन्हींच्या क्रोमवर गंजाचे ठिपके आलेत. बॉडी मात्र दिसायला धडधाकट.

आता हेच उघडून नवे पिस्टन आणि सील टाकायचे, की त्याच नमुन्याचे नवीन बनवलेले घ्यायचे, की ॲल्युमिनियमचे चार पिस्टनवाले बसवून मोकळं व्हायचं? एका गॅरेजवाल्याने दोन गोष्टी ठासून सांगितल्या. एक, पन्नास वर्षांचं बीड म्हणजे काच, कधीही तडकेल. दोन, चार पिस्टन म्हणजे दुप्पट ब्रेक. मला दोन्ही पचलेलं नाही, पण खोडून काढण्याइतकं कळतही नाही. गाडी शर्यतीत जात नाही. रविवारची चक्कर, आणि कधीमधी लांबचा घाटाचा प्रवास.

धुरकट
गाडी सुरू होते का ते आधी सांगा. होत नसेल तर आत्ताचे ब्रेक उत्तम आहेत.

लेथवाला
धुरकटांना आवरा कोणीतरी.

@जुनी_चाकं, पिस्टनचा व्यास मोजून सांगा. तोवर एक गोष्ट. या कॅलिपरमध्ये सील बॉडीतल्या खाचेत बसतं आणि पिस्टन त्यातून सरकतो. म्हणजे ऑइल अडतं ते पिस्टनच्या पृष्ठभागावर, बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्या भोकात बसतो त्याच्या, भिंतीवर नाही. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) उलट असतं, तिथे सील पिस्टनवर असतं आणि बोअर खराब झालं की खेळ संपला. त्यामुळे कॅलिपरच्या बोअरमध्ये थोडे खड्डे दिसले म्हणून लोक चांगली बॉडी भंगारात देतात ते मला पटत नाही. पाहायची असते ती खाच. खाचेच्या तळाशी गंज धरला की तो सीलला आतून ढकलतो, सील पिस्टनला आवळून धरतं आणि पिस्टन मागे येत नाही. तुमचा जाम पिस्टन बहुधा याच कारणाने. खाच साफ करायला स्क्रू-ड्रायव्हर घुसवू नका, लाकडाची किंवा नायलॉनची काडी घ्या.

क्रोम उडालेले पिस्टन सरळ बदला. क्रोमला भोक पडलं की खालचं स्टील फुगत जातं, पॉलिश करून ते थांबत नाही.

ओतारीण
"बीड म्हणजे काच" हे वाक्य ऐकलं की माझा पारा चढतो. मी ओतकामात आयुष्य घालवलंय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच माफी.

लोखंडात साधारण २ टक्क्यांच्या वर कार्बन गेला की आपण त्याला बीड म्हणतो. पण तो कार्बन कुठल्या रूपात बसलाय यावर सगळं ठरतं. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे असतात. पोस्टाच्या तिकिटांमधली छिद्रं जशी कागद फाटायला वाट देतात, तसे हे पापुद्रे तड्याला वाट देतात. म्हणून ग्रे आयर्न ताणाखाली कच्चं. पण हेच पापुद्रे उष्णता भराभर वाहून नेतात आणि कंप गिळतात, म्हणून ब्रेकची डिस्क ग्रे आयर्नची असते.

त्याच रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसतं. हे डक्टाइल, किंवा एसजी आयर्न. १९४३ मध्ये कीथ मिलिस या धातुशास्त्रज्ञाने इंटरनॅशनल निकेलच्या प्रयोगशाळेत ते साधलं. गोळ्यांमुळे तड्याला सोपी वाट मिळत नाही. ग्रे आयर्नच्या २५० ग्रेडची ताणशक्ती २५० मेगापास्कलच्या आसपास, आणि तुटण्याआधी ते १ टक्कासुद्धा ताणलं जात नाही. एसजीच्या ५००-७ ग्रेडची ताणशक्ती ५०० आणि ते किमान ७ टक्के ताणलं जातं. काच ७ टक्के ताणून दाखवा म्हणावं त्या गॅरेजवाल्याला.

तिसरं मॅलिएबल आयर्न. आधी पांढरं, ठिसूळ बीड ओतायचं आणि मग भट्टीत बराच वेळ भाजून त्यातला कार्बन गाठींच्या रूपात आणायचा. हे एसजीच्या कितीतरी आधीचं. कॅलिपरच्या बॉडीला एसजी किंवा मॅलिएबल वापरतात, डिस्कचं बीड नव्हे. दोघांना एकाच नावाने हाक मारली की असे गैरसमज होतात.

आणि वय. बीड नुसतं पडून राहिल्याने ठिसूळ होत नाही. गंज, जुना अपघात, कोणीतरी घातलेला हातोडा किंवा अति आवळलेला बोल्ट, यांनी ते खराब होतं.

वाचनमात्र
ओतारीणताई, वाचनखूण साठवली. चालू द्या.

सरळरेघ
ताईंच्या प्रतिसादाला जोडून कडकपणाचं बोलतो. ताणशक्ती आणि कडकपणा वेगळे. एसजी आयर्नचा इलॅस्टिक मॉड्युलस १६५ ते १७० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे त्याच आकाराचा कॅलिपर ॲल्युमिनियमचा केला तर तो दुपटीपेक्षा जास्त फाकेल. ब्रेक दाबल्यावर कॅलिपरचे दोन जबडे बाहेर ढकलले जातात. ७० बार दाबाला ५४ मि.मी.चा एक पिस्टन साधारण १६ किलोन्यूटन जोर लावतो, म्हणजे दीड टनाच्या वर. जबडे फाकले की पेडलला मऊपणा येतो. ॲल्युमिनियमवाले यावर उपाय म्हणून दोन जबडे जोडणाऱ्या पुलाची जाडी वाढवतात. वाढवा, पण मग चाकाच्या आत जागा आहे का तेही पाहा.

पेडल
@सरळरेघ, कागदावर बरोबर, पण चित्र अर्धंच रंगवलंत. बिडाची घनता ७.२, ॲल्युमिनियमची २.७. पूल जाड करूनही कॅलिपर हलका राहतो, आणि हे वजन सस्पेन्शनच्या खालचं आहे, खड्ड्यावर जाणवतं. नीट डिझाइन केलेला ॲल्युमिनियम कॅलिपर मऊ लागत नाही. मी वापरतो, माझं पेडल दगडासारखं आहे. बीडभक्तांनी जरा हलकेच घ्यावं.

सरळरेघ
"नीट डिझाइन केलेला" याला माझी हरकत नाहीच. पण आणखी एक. लोखंडी धातूंना थकव्याची एक मर्यादा असते, त्याखालच्या ताणाचे कितीही फेरे झाले तरी तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. म्हणून शर्यतीतले लोक ॲल्युमिनियमचे भाग ठरावीक वापरानंतर तपासतात आणि बदलतात. रविवारच्या गाडीला हा मुद्दा किरकोळ आहे, मान्य. पण वयाची भीती दाखवायचीच तर ती बिडाला कशाला?

जुनी_चाकं
ताई, सरळरेघ, पेडल, सगळ्यांचे आभार. @लेथवाला, पिस्टन ५४ मि.मी. निघाले. चारपैकी दोन बोअरमध्ये हलके खड्डे आहेत, खाचा मात्र साफ केल्यावर चांगल्या दिसतायत. चार पिस्टनवाल्यांबद्दल कोणी बोलेल का? विक्रेत्याच्या पत्रकात त्यांचे पिस्टन ३८ मि.मी. दिलेत.

लेथवाला
मग घ्या कागद-पेन्सिल. एका बाजूचं पिस्टनचं क्षेत्रफळ धरायचं. ५४ चा एक पिस्टन: २२९० चौ. मि.मी. ३८ चे दोन: २२६८. दुप्पट ब्रेक कुठे गेला?

चार पिस्टनचा फायदा वेगळा आहे. पॅड लांब असतो आणि त्यावरचा दाब सारखा पसरतो, त्यामुळे पॅड तिरका झिजत नाही. पण जोर क्षेत्रफळाने येतो, पिस्टनच्या संख्येने नाही.

धुरकट
म्हणजे आठ पिस्टन लावले तरी गाडी उलटी जाणार नाही? फसवणूक आहे ही.

पेडल
@लेथवाला +१. उलट गंमत सांगतो. मोठे पिस्टन घेतले तरी नवीन दुखणं येतं. ५४ च्या जागी ६० घातले तर क्षेत्रफळ २३ टक्के वाढतं. तेवढंच जास्त ऑइल मास्टर सिलिंडरने ढकलायला हवं, म्हणजे पेडल खोल जातं. मग लोक मोठा मास्टर सिलिंडर लावतात, आणि जेवढं कमावलं तेवढं तिथे घालवतात, कारण मोठ्या सिलिंडरला तेवढ्याच पायाच्या जोरात दाब कमी मिळतो. शिवाय पुढचा ब्रेक वाढला आणि मागचा तसाच राहिला की पुढची चाकं आधी लॉक होतात आणि मागचे ब्रेक नुसते मिरवतात. कॅलिपर एकटा निवडता येत नाही. पेडलपासून मागच्या ड्रमपर्यंत सगळी साखळी एकत्र बघावी लागते.

माझ्या गाडीत मी ॲल्युमिनियम लावले ते मास्टर सिलिंडरचा हिशोब जुळवून. नुसते लावले असते तर आज इथे शिव्या घालत बसलो असतो.

सरळरेघ
आता मूळ मुद्दा. तुमचे सध्याचे ब्रेक, नीट चालत असताना, कोरड्या रस्त्यावर चाकं लॉक करू शकतात का? करत असतील तर एका जोरदार थांबण्यासाठी टायरच मर्यादा आहे, कॅलिपर बदलून अंतर कमी होत नाही. सर्व्हो लावूनही नाही, त्याने फक्त पाय हलका होतो. मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग उष्णतेसाठी.

हिशोबाला सोपी म्हणून १००० किलोची गाडी धरू. ताशी १०० कि.मी. वरून थांबताना ३८६ किलोजूल ऊर्जा डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये जाते. पुढच्या चाकांना ७० टक्के धरले तर प्रत्येक पुढच्या डिस्कला १३५. डिस्कचं घासणारं कडं ४ किलोचं असेल तर एका थांबण्यात तापमान ७० अंशांच्या आसपास वाढतं. थंड होऊ न देता पाच-सहा वेळा असं केलं की साध्या पॅडची दमछाक सुरू. घाटातली सलग उतरण हेच करते. याला उत्तर जड किंवा हवेशीर डिस्क, उष्णता सोसणारे पॅड आणि ताजं ऑइल. कॅलिपरवरचा लाल रंग नव्हे.

गाडीवेडी
ऑइलबद्दल सरळरेघांना दुजोरा. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३०, पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश. ग्लायकोलवालं ऑइल हवेतलं पाणी ओढतं. घाट उतरताना पेडल अचानक जमिनीला लागतं ते बहुतेकदा वाफ झालेल्या ऑइलमुळे. दर दोन वर्षांनी बदला. आणि जुन्या गाड्यांत ऑइल मिसळू नका. सित्रोएनच्या हिरव्या एलएचएम खनिज ऑइलच्या यंत्रणेत डॉट ४ ओतलं की सगळी सीलं कामातून जातात, आणि उलटंही तसंच.

अर्धाइंच
धाग्यात आत्तापर्यंत कोणी बोललं नाही म्हणून बोलतो: चुड्या, म्हणजे नटाचे आटे. टीआर६ ला सुरुवातीला १६पी कॅलिपर यायचा, नंतर १६पीबी. बाहेरून जुळे भाऊ. पहिल्याला पाइपची चुडी ३/८ इंच यूएनएफ (इंची मापाची), दुसऱ्याला एम१० (मेट्रिक, १० मि.मी.). ३/८ म्हणजे ९.५ मि.मी. एकाचा नट दुसऱ्यात थोडा चढतो, माणूस खुश होतो, पाना लावतो, आणि घट्ट झालं असं वाटतं. ते घट्ट नसतं, चुडी चिरडलेली असते. पहिल्या जोरदार ब्रेकला पाइप सुटू शकतो. @जुनी_चाकं, नवीन कॅलिपर घ्याल तर चुडी गेजने तपासूनच लावा. ही माझी एकमेव कळकळीची विनंती.

वाचनमात्र
एक अडाणी प्रश्न. डिस्क ब्रेक मुळात आला कुठून? शर्यतीतून?

गाडीवेडी
अवांतर, पण आवडता विषय. फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये १९०२ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या ब्रेकला तांब्याचे पॅड होते आणि ते भयानक किंचाळायचे. मग अर्धं शतक ड्रमचंच राज्य. १९५३ मध्ये जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर ले मान्स जिंकलं आणि सगळे जागे झाले. १९५५ मध्ये सित्रोएन डीएसला पुढे डिस्क आल्या, १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ ला गर्लिंगच्या. म्हणजे धागाकर्त्यांच्या गाडीचं घराणं यात जुनंजाणतं आहे.

धुरकट
घराण्यावरून आठवलं. बीएमडब्ल्यूच्या टर्बो फॉर्म्युला वन इंजिनाचा ब्लॉक बिडाचा होता, आणि त्यासाठी म्हणे रस्त्यावर पळून मुरलेले जुने ब्लॉक शोधून आणायचे. मग आपलं जुनं बीड मुरलेलं म्हणायचं, म्हातारं नाही.

ओतारीण
किस्सा मीही ऐकलाय. १९८३ मध्ये नेल्सन पिके त्याच इंजिनावर जगज्जेता झाला आणि ब्लॉक बिडाचा होता, एवढं पक्कं. मुरण्यामागचं तत्त्व खरं आहे. ओतीव भाग थंड होताना जाड-पातळ जागा वेगवेगळ्या वेगाने गार होतात आणि आत ताण अडकून राहतो. पूर्वी ओतीव भाग महिनोनमहिने उघड्यावर टाकून ठेवत. आता भट्टीत ५०० ते ६०० अंशांना ठेवून सावकाश गार करतात. पण त्याने आकार स्थिर होतो, ताकद दुप्पट होत नाही. धुरकट, तुम्ही मुरलात तरी काही उपयोग नाही.

धुरकट
:)) मान्य.

नवाभिडू
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्या एका कॅलिपरचा बसवायचा कान तडकलाय. वेल्डिंग करून घेतलं तर चालेल ना?

लेथवाला
नाही.

अर्धाइंच
नाही.

ओतारीण
नाही, आणि कारणही सांगते, नाहीतर कोणीतरी करून देणारा भेटेलच. वेल्डिंगच्या कडेला धातू वितळतो आणि भराभर गार होतो. कार्बन एवढा जास्त की तिथे ग्रॅफाइट न बनता कठीण, ठिसूळ पट्टा तयार होतो. बाहेरून जोड सुरेख दिसतो, तडा त्याच्या शेजारून जातो. निकेलचे रॉड वापरून, आधी तापवून, सावकाश गार करून मॅनिफोल्ड किंवा इंजिनाचा ब्लॉक दुरुस्त करतात, ठीक आहे. ब्रेकच्या कॅलिपरवर कधीच नाही. दुसरा शोधा.

नवाभिडू
समजलं. शोधतो.

पेडल
@जुनी_चाकं, चौथा पर्यायही आहे. टोयोटा हायलक्स फोरव्हीलचे चार पिस्टनवाले कॅलिपर बिडाचेच आहेत, आणि टीआर६ पासून डॅटसन २४०झेड पर्यंत बऱ्याच जुन्या गाड्यांवर लोक ते लावतात. म्हणजे "बीड की चार पिस्टन" ही भांडणाची जोडीच चुकीची. अर्थात मास्टर सिलिंडरचा हिशोब इथेही करायचाच, आणि कॅलिपर डिस्कच्या बरोब्बर मधोमध येतो का ते पाहायचं. तारांच्या चाकांत बसतो का हे पुठ्ठ्याचा साचा कापून आधीच तपासा.

लेथवाला
हायलक्सवाले चांगले आहेत, पण घरी वजनकाटा असेल तर ठेवून बघा. पेडलभाऊंचं सस्पेन्शनखालचं वजन तिथे विसरावं लागतं.

पेडल
तोडलंत मला.

सरळरेघ
नवीन बनवलेल्या नमुन्यांबद्दल राहिलं. त्यातले काही उत्तम, काहींचं ओतकाम सुमार. एकाच दिसण्याच्या दोन कॅलिपरमध्ये फरक कसा कळणार, ताई?

ओतारीण
घरी पक्कं कळत नाही. टांगून हलक्या हातोडीने टोला दिला तर एसजी घणघणतं आणि ग्रे आयर्न बद्द वाजतं. भोक पाडताना ग्रे आयर्नचा भुगा पडतो, एसजीची चीप लांब निघते. कारखान्यात अल्ट्रासाउंडचा वेग मोजतात, एसजीत तो ५६०० मी. प्रति सेकंदाच्या आसपास, ग्रेमध्ये बराच कमी. विक्रेत्याला सरळ विचारा, कुठल्या ग्रेडचं बीड आणि दाबाची चाचणी प्रत्येक नगाची केली की नमुन्यापुरती. उत्तर टाळलं तर पुढे जा.

जुन्या बॉडीसाठी डाय-पेनिट्रंटची तपासणी करून घ्या. कान, पुलाचे कोपरे आणि बोल्टच्या भोकांच्या कडा. लाल रंग आत शिरतो, पांढऱ्या पावडरवर तडा स्वतःच उमटतो.

अर्धाइंच
दोन्ही अर्ध्या भागांचे बोल्ट खोलू नका हेही लिहा. गर्लिंगची सूचनाच तशी होती.

लेथवाला
असहमत. पुलातून ऑइल जाणाऱ्या वाटेवरचं गोल सील पन्नास वर्षांचं आहे. ते पाझरत असेल तर खोलण्यावाचून इलाज नाही. मात्र बोल्ट नवे, योग्य ग्रेडचे, आणि टॉर्क पान्यानेच. पाझरत नसेल तर तुमचं खरं, हात लावू नका.

जुनी_चाकं
अपडेट. डाय-पेनिट्रंट करून घेतलं, दोन्ही बॉडी स्वच्छ. पूल पाझरत नाही, म्हणून अर्धाइंचांचं ऐकून भाग वेगळे केले नाहीत. नवे स्टेनलेस पिस्टन आणि सील मागवले. डिस्क लिहिलेल्या किमान जाडीच्या अगदी जवळ होत्या, त्याही नव्या घेतल्या. पॅड थोडे वरच्या तापमानाचे. मास्टर सिलिंडर मूळच्याच मापाचा राहील.

पेडल
हरकत नाही, तुमच्या वापराला पुरून उरेल. स्टेनलेस का पण? गंज लागत नाही म्हणून?

जुनी_चाकं
हो, मुख्य कारण तेच.

सरळरेघ
उष्णतेलाही बरं. स्टेनलेसची उष्णतावाहकता साध्या स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, पॅडची आग ऑइलपर्यंत हळू पोहोचते. फक्त सीलच्या मापाला पिस्टन नीट ग्राइंड केलेला आहे ना, बघा. खरखरीत असेल तर सील झिजेल.

गाडीवेडी
जुने पॅड काढताना हवेचा झोत मारू नका. त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

लेथवाला
बसवताना डावा-उजवा उलटा झाला नाही ना हे पाहायची सोपी खूण: ब्लीड निपल (ऑइलमधली हवा काढायची तोटी) वरच्या बाजूला हवं. खाली आलं तर हवा वर अडकून राहते, आणि मग माणूस दिवसभर पेडल मारत "मास्टर सिलिंडर गेला" म्हणून बसतो.

नवाभिडू
मला दुसरा कॅलिपर मिळाला! आता मागच्या ड्रमबद्दल विचारू का? माझं एक व्हील सिलिंडर पाझरतंय.

अर्धाइंच
विचारा, पण वेगळा धागा काढा. आणि पहिल्या ओळीत चुडीचं माप लिहा.